शिमूनानाने न केलेली चोरी

१९७२ च्या जूनमध्ये माझी बदली जत तालुक्यातल्या खडकेवाडीला झाली. मी फलटणकडचा. आमच्याकडे पाटाचं पाणी, चहूकडे ऊस, आणि कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावायची पद्धत. खडकेवाडीत काळ मोजायचा तो टँकरवर. आज वार कोणता असं विचारलं, तर माणसं "टँकरचा दुसरा दिवस" असं उत्तर द्यायची, आणि त्यावर पुढे काही विचारण्यासारखं उरायचं नाही.

गाव साठेक उंबऱ्यांचं, बहुतेक मेंढपाळांचं. त्या साली पाऊस आलाच नाही. निम्मे गडी मेंढरं घेऊन खाली कर्नाटकात उतरले. उरलेली सगळी माणसं, बाया, म्हातारी, पोरंसोरं, सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. काम चार मैलांवर. सकाळी सातला गाव रिकामं व्हायचं ते दिवस कलताना भरायचं. शाळेचं दार मी रोज वेळेवर उघडायचो, आत कोणी नसायचं, मी हजेरी घ्यायचो आणि सगळे गैरहजर मांडून बाहेर पायरीवर बसायचो.

दिवसा गावात माझ्याखेरीज एकच माणूस असायचा. शिमोन आकाराम वायदंडे. गाव त्यांना शिमूनाना म्हणायचं.

नाना पासष्टीच्या पुढचे. गुडघे गेलेले, त्यामुळे खडीच्या कामाला निरुपयोगी. अंगात भर उन्हातही गुडघ्यापर्यंत येणारा काळा लोकरी कोट. सांगलीकडच्या एका मिशनच्या बंगल्यावर त्यांनी एकतीस वर्षं खानसामा म्हणून काम केलं होतं. बंगल्यावरचे डॉक्टर मायदेशी जाताना कोट ठेवून गेले आणि नानांनी तो अंगात घातला तो घातलाच. बायको वारली तसे ते जन्मगावी येऊन राहिले. त्यांचे वाडवडील गावकुसाबाहेरचे. नानांची खोलीही शेवटच्या घरापासून चांगली हाकेच्या अंतरावर होती. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. रविवारी टँकरवाला परत जाताना त्यांना जतला प्रार्थनेला सोडायचा. गावातली माणसं त्यांच्याशी गोडीनं बोलायची, विडी द्यायची, पण उंबऱ्याच्या आत त्यांना कोणी घेत नव्हतं. ते पायरीवर बसायचे, पाणी वरून ओतून मिळायचं. नानांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

त्यांची खरी अडचण निराळी होती. एकतीस वर्षं साहेबी सैपाक केल्यामुळे त्यांना भाकरी थापता येत नव्हती. केक, पुडिंग, कटलेट यांतलं काहीही सांगा, डोळे मिटून करतील. पण भाकरी थापायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याची त्यांनी भट्टी केली होती. खाली विस्तव, वर विस्तव. रेशनवर तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. कडवट, चिकटपणा नाही, गावातल्या बाया तिला शिव्या देत थापायच्या. नाना त्याच मिलोचं पीठ, गूळ आणि खायचा सोडा घालून एक तपकिरी, जाडजूड, वर भेगा गेलेला पदार्थ करायचे आणि त्याला केक म्हणायचे.

एकदा पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी मला बाकाची गोष्ट सांगितली.

नोकरी सुटली त्या वर्षी त्यांनी आपल्या चर्चला एक लांबलचक सागवानी बाक दिला होता. पाठीवर रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'शिमोन आकाराम वायदंडे यांजकडून प्रभुचरणी अर्पण'. रंगाऱ्यानं बाक आणून दिला तो नेमका नाताळच्या सकाळी. रंग ओला आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पांढरे सदरे घालून सहा माणसं त्यावर ऐसपैस टेकून बसली. गीत म्हणायला सगळे उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगेला सहा पाठींवर उलटी अक्षरं दिसली. एकाच्या पाठीवर शिमोन, एकाच्या पाठीवर वायदंडे. एका लठ्ठ गृहस्थांच्या पाठीवर प्रभुचरणी. आणि अर्पण उठलं होतं ते कराडहून मेव्हण्याला भेटायला आलेल्या एका परक्या माणसावर.

"लोकं हसली असतील," मी म्हणालो.

"हसली. त्याचं काय न्हाई, मास्तर," नाना म्हणाले. "समदी मंडळी देवाचं गीत म्हणत हुती, आन मी एकटा माझं नाव वाचत हुतो. उलटं असून बी मला भराभरा वाचता येत हुतं. तवा मला माझी लाज वाटली."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, यापुढे शास्त्रात सांगितलंय तसं द्यायचं. उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळता कामा नये. माणूस सरळ असला की उपदेशही सरळच घेतो. नाना काही द्यायला निघाले की डावा हात कोटाच्या खिशात घालून वरून खिशाची गुंडी लावायचे. मी म्हणालो, "नाना, अहो, हाताला काय कळतंय?"

"असं नका म्हणू. एकतीस वर्षं ह्या हातानं मीठ टाकलंय. ह्याला समदा अंदाज असतोय."

म्हणजे नाना डावखुरे होते. जो हात चालायचा तो खिशात बंद, आणि ज्याला नीट चमचा धरता येत नाही त्या हातानं सगळा दानधर्म.

त्या साली दिवाळीच्या सुमाराला हरणाबाई कामावरून घरी आली. तिचा नवरा मेंढरांमागं गेलेला, पदरी दोन लहान मुली. भाकरीच्या दुरडीवरचं फडकं तिनं उचललं तर आत ही तपकिरी वस्तू. तिनं शेजारच्या सिद्धूला हाक मारली. सिद्धू लंगडा, म्हणून मेंढरांबरोबर न गेलेला. त्यानं वस्तू उलटीसुलटी करून पाहिली आणि हे वारूळ असावं असं सांगितलं. कोणी म्हणालं गोवरी आहे, पण वास गुळाचा येतोय. दुसऱ्या दिवशी तशीच वस्तू धोंडुबाईच्या मडक्यात निघाली. धोंडुबाई गावातली सर्वांत कडक म्हातारी. माहेर विजापूरकडचं, रागावली की कानडीत बोलायची आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत तिला अख्खं गाव भ्यायचं. तिनं त्या वस्तूला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि समोर उदबत्ती लावली. दोन दिवस केकाची पूजा झाली. तिसऱ्या दिवशी देवाला मुंग्या लागल्या. म्हातारीनं एक तुकडा शेळीला घातला, शेळी जगली, मग स्वतः जिभेवर ठेवून पाहिला. त्या संध्याकाळी देव्हारा रिकामा झाला.

हे असं रोज कुठल्या ना कुठल्या घरात होऊ लागलं. भर दुपारी गाव मोकळं पडलेलं असायचं, आणि काळा कोट घातलेला एक माणूस एक हात खिशात घालून घराघरांतून फिरायचा. मी शाळेच्या पायरीवरून सगळं बघत होतो. गावाला कळू नये म्हणून मी गप्प बसलो. चारसहा दिवसांनी सिद्धूच मला एका बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तुमी दिवसभर हितंच असताय. नजरंला काय पडलं तर बोलू नगा."

"काय पडणार?"

"शिमूनाना."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"गड्या, असलं वारूळ दुसऱ्या कुणाला करता येतंय? समद्या गावाला ठावं हाय. पर नानाला वाटतंय कुणाला ठावं न्हाई. कळलं हे त्याला कळलं, तर त्यो बंद करंल. म्हणून कुणाला काय कळल्यालं न्हाई."

तेव्हापासून खडकेवाडीत एक चमत्कारिक व्यवहार सुरू झाला. माणसं कामावर जाताना दाराला कडी लावेनाशी झाली. नानांना उजव्या हातानं झाकणं उघडता येत नाहीत म्हणून झाकणं अर्धवट सरकवून ठेवू लागली. हरणाबाईनं दुरडी शिंक्यावरून खाली घेतली, का, तर नानांचे गुडघे. आणि पाण्याच्या थेंबाथेंबासाठी टँकरखाली भांडणं व्हायची त्या दिवसांत, घरोघर उंबऱ्याच्या आत एक तांब्या भरून, वर फुलपात्र पालथं घालून ठेवलेला असायचा.

नानांना याचा फार राग यायचा. "लोकं लय निष्काळजी झाली, मास्तर," ते मला येऊन सांगायचे. "दारं सताड उघडी. पाणी उघड्यावर. चोर शिरला म्हंजे?" मग मिशा पुसायचे. पाणी ते रोज प्यायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण गावात नानासो म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे विहीर होती, थोडं पाणी होतं आणि अंगणात जमिनीखाली जोंधळ्याचं भरलेलं पेव होतं; तरी मजुरी बुडू नये म्हणून तेही खडीवर जायचे. त्यांच्या घरात केक जाण्याचं कारणच नव्हतं आणि गेलाही नाही. महिनाभर नानासोंनी वाट पाहिली. मग ते माझ्याकडे आले.

"मास्तर, गावात कुणीतरी परक्याच्या घरात शिरतंय."

"काय गेलं कोणाचं?"

"त्ये मला ठावं न्हाई. पर साठ घरात शिरतंय आन माझ्या घरात शिरत न्हाई. ह्येचा अर्थ काय? मी काय गावचा न्हवं?"

त्यांनी जतच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला. हवालदार गुरुवारी येतो असा निरोप आला. माझ्या हातून चूक झाली ती अशी, की मी सहज बोलण्याच्या ओघात नानांना सांगितलं, "नानासो रुसलेत." अर्जाचं मला माहीत होतं, पण ते बोललो असतो तर गावाला सगळं ठाऊक आहे हे उघड झालं असतं.

नाना खिशाची गुंडी चाचपू लागले. "खरं हाय," ते म्हणाले. "पोट भरल्याला माणूस म्हणून मी त्येला गाळला. पर प्रीत काय पोट बघून करायची आसती व्हय? माझंच चुकलं."

गुरुवारी सकाळी त्यांनी खास नानासोंसाठी केक केला. घरातला शेवटचा गूळ त्यात घातला. डावा हात खिशात घालून, गुंडी लावून ते नानासोंच्या सैपाकघरात शिरले. नानासोंच्या घरी झाकणं अर्धवट सरकवून ठेवलेली नव्हती. पितळी डब्याचं झाकण उजव्या हातातून सुटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. चोर पकडायला म्हणून कामाच्या मुकादमाला सांगून घरीच थांबलेले नानासो धावत आले आणि त्यांनी नानांना कोटासकट धरलं.

तेवढ्यात सायकलवरून हवालदार पोचले. दादासो त्यांचं नाव. उन्हानं डोळे लाल झालेले. चावडीत बसून त्यांनी पंचनामा लिहायला मला सांगितलं, कारण चष्मा ते ठाण्यावर विसरले होते. नानासो चोर धरायला थांबलेत ही बातमी मुकादमाकडून कामावर आधीच फुटली होती, आणि तासाभरात हातोड्यासकट गाव चावडीपुढे येऊन उभं राहिलं.

"काय चोरीला गेलं?" हवालदारांनी विचारलं.

"गेलं काय न्हाई," नानासो म्हणाले.

"मग?"

"आलं."

"काय आलं?"

नानासोंनी धोतराच्या सोग्याखालून केक काढून पुढे ठेवला. हवालदारांनी तो बोटानं दाबून पाहिला. "हे यानं आणलं?"

"व्हय."

"तुमच्या घरात ठेवलं?"

"व्हय."

"मग तक्रार कशाची आहे?"

तक्रार होती ती केक येत नाही म्हणून, आणि आता तर आला होता. अर्ज मात्र जाऊन बसला होता.

अशा वेळी नाना पुढे होऊन म्हणाले, "सायेब, मी चोरी करायला शिरलो हुतो."

मी लेखणी ठेवली आणि नानांना बाजूला नेलं. "नाना, हे काय बोलताय? द्यायला आलो होतो असं सांगा आणि सुटा."

"तसं सांगितलं की दिल्यालं समदं वाया. पुन्यांदा बाकच झाला की त्यो."

"पण खोटं बोलणं हे पाप नाही?"

"हाय. पर खोटं बोलल्याची माफी मागता येतीया, मास्तर. देऊन बोंबललं की ती बोंब परत घेता येत न्हाई. मी इचार केलाय."

आम्ही परत आलो. हवालदारांनी विचारलं, "काय चोरणार होतास?"

नानांनी आयुष्यात कधी चोरी केली नव्हती. सैपाकघरात चोरण्याजोगं काय असतं याचा त्यांनी बंगल्याच्या हिशेबानं विचार केला. "चमचं," ते म्हणाले.

"आमच्या घरात चमचा न्हाईच," नानासो म्हणाले.

"एकपण?"

"काय करायचा?"

हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे जे नव्हतंच ते चोरायला शिरला, आणि जाताना हे ठेवून गेला. मास्तर, हे कसं लिहायचं?"

मग हवालदारांनी गावाकडे मोर्चा वळवला. हा माणूस आणखी कोणाच्या घरात शिरला होता काय, असा सवाल केला. हरणाबाई म्हणाली, आपल्याला काही ठावं नाही. सिद्धू म्हणाला, शिरला असता तर कुत्रं भुंकलं असतं. ते कुत्रं त्या वेळी नानांच्या पायांवर मान टाकून झोपलेलं होतं. सगळ्या गावानं एकजात काहीच पाहिलं नव्हतं. शेवटी हवालदार धोंडुबाईपुढे थांबले. म्हातारी खोटं बोलत नाही हे पंचक्रोशीला माहीत होतं.

"आजी, खरं सांगा. हा इसम तुमच्या सैपाकघरात शिरला होता?"

सगळे खाली बघू लागले. या बाईनं नानांना उभ्या आयुष्यात पायरी चढू दिली नव्हती. हो म्हणाली, तर तिची चूल बाटली असं तिच्याच तोंडून गावापुढे ठरणार होतं. नाही म्हणाली, तर म्हातारपणी खोटं. नानांनी मान इतकी खाली घातली की कोटाची कॉलर कानांच्या वर गेली.

धोंडुबाई पहिल्यांदा कानडीत काहीतरी बोलली. मग म्हणाली, "शिरला न्हाई. आला हुता."

"म्हणजे?"

"शिरतोय त्यो चोर. ह्यो येतोय. दर मंगळवारी येतोय. मी दार लोटून घेती, कडी लावत न्हाई, ती कशापायी? पाण्याचा तांब्या भरून ठिवती, त्यो काय मांजराला? पावण्याला ठिवती. माझ्या चुलीपाशी कुणी यायचं न् कुणी न्हाई, ही काय सरकारनं इचारायची गोष्ट हाय?"

हवालदार म्हणाले, "नाही, आजी."

पण नाना मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू घर जळाल्याची खबर आली आहे. "म्हंजे तुमाला ठावं हुतं?" त्यांनी धोंडुबाईला विचारलं.

"व्हय."

"समद्यास्नी?"

सिद्धू जवळ जाऊन खाली वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नाना, लय न्हवं. थोडंथोडं ठावं हुतं."

मग खडकेवाडीनं एका माणसाचं असं सांत्वन केलं, की तो भला आहे हे उघडकीला आलं म्हणून त्यानं फार मनाला लावून घेऊ नये. बाया पदरानं वारा घालू लागल्या. हरणाबाई म्हणाली, आम्ही विसरून जातो. कोणी म्हणालं, केक तसा काही फार चांगला नसायचा, तेव्हा नानांनी उपकार केले असं कोणी मानलेलं नाही. त्यावर नाना रडता रडता जरा चिडले. "सोडा चांगला मिळत न्हाई," ते म्हणाले.

हवालदारांनी मला मजकूर सांगितला तो असा. 'सदर इसमाने कोणाचेही काही नेलेले नाही. काही ठेविले असल्यास ते संबंधितांनी खाल्ल्याने मुद्देमाल उपलब्ध नाही.' पुढ्यातला केक उपलब्ध होता, म्हणून त्यांनी मजकूर खरा व्हावा एवढ्यासाठी तो मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा नानासोंच्या हातावर ठेवला. नानासोंनी तो उभ्या उभ्या खाल्ला. त्यांना तो आवडला असावा, कारण हाताला लागलेला चुराही त्यांनी सोडला नाही.

पुढचे दहा दिवस नानांच्या भट्टीतून धूर निघाला नाही. रविवारी त्यांनी जतला चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"इचारलं, गावानं चांगलं म्हटलं तवा तुला आनंद झाला का? मी म्हटलं, थोडा झाला. तर म्हणालं, मग थोडाच पश्चात्ताप कर आन कामाला लाग. तुझ्या लाजंपायी लोकांनी उपाशी का ऱ्हावं?"

कामाला ते लागले, पण निराळ्या रीतीनं. आता ते चोरून शिरत नसत. सरळ पायरीवर जायचे, हाक मारायचे, केक पुढे करायचे आणि सांगायचे, "नानासोंनी दिलाय. मी नुसता पोचता करतोय."

म्हणजे खोटं बोलण्याची सवय लागली ती लागलीच. मी टोकलं तर म्हणाले, त्याची माफी ते दर रविवारी एकदम मागतात.

गावाला अर्थात खरं काय ते माहीत होतं, पण एकदा दुखावलेल्या माणसाला पुन्हा दुखवायला नको म्हणून सगळ्यांनी नानासोंनाच देणारा मानायचं ठरवलं. हरणाबाईनं वाटेत नानासोंच्या पाया पडून पोरींच्या तोंडात घास पडल्याबद्दल आभार मानले. खडीच्या कामावर बाया त्यांना सावलीतली जागा देऊ लागल्या. सिद्धूनं चारचौघांत सांगितलं, माणूस वरून फणस, आतून गरा. नानासो पहिल्यांदा चिडले, मग गोंधळले. एक दिवस शाळेत येऊन माझ्यापुढे बसले.

"मास्तर, मी काल धोंडुबाईला काय दिलं म्हणं?"

"केक. आणि आठवड्यात दोनदा देता असं ती म्हणाली."

"तिनं मला आशीर्वाद दिला वं. हात वर करून." ते बराच वेळ पाटीवरच्या जुन्या गणिताकडे बघत राहिले. "ती म्हातारी माझ्या बाला बी कवा चांगलं बोलली न्हवती."

मी हजेरीपट मिटून ठेवला.

"मिलोचा देतोय व्हय मी?"

"मिलोचा."

"असली कडू मिलो मी का देईन? माझ्याकडं जोंधळा असताना?" त्यांच्या आवाजात खरोखरचा राग होता. "ह्यो शिमू माझी अब्रू घालवतोय."

दुसऱ्या दिवशी नानासोंनी पेव उघडलं. पेवातली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून अर्धा दिवस तोंड मोकळं ठेवलं आणि मग सिद्धूच्या कमरेला दोर बांधून त्याला आत सोडलं. पहिलं पोतं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ते नानांच्या खोलीपुढे उतरवून, घाम पुसत ते म्हणाले, "जरा बऱ्या पिठाचा करत जा."

नानांनी खिशाची गुंडी काढली आणि डाव्या हातानं ते पोत्याची शिवण उसवू लागले.